पुढे उभे आहेत

मंचरहून नारायणगावकडे येताना कळंब मागे पडले की माणसाचा उजवा पाय आपोआप खाली जातो. गेल्या हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी मी असाच येत होतो. शेजारी सौ., मागच्या सीटवर लग्नात मिळालेला आहेर आणि बुंदीच्या लाडवांची पिशवी. समोरून येणाऱ्या एका पिकअपने दोनदा डिपर मारला. या रस्त्यावर ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांना या दोन उघडझापांचा अर्थ सांगावा लागत नाही. ‘पुढे उभे आहेत.’ मी पाय उचलला. काटा नव्वदवरून साठवर आला. थोड्या अंतरावर बाभळीच्या आडोशाला पोलिसांची गाडी उभी होती आणि एक तरुण शिपाई तिच्याआडून आमच्याकडे रोखून पाहत होता. माझ्या मागच्या-पुढच्या साऱ्या गाड्या आळंदीच्या वाटेवरच्या दिंडीसारख्या एका चालीने त्याच्यासमोरून गेल्या. ती गाडी आरशात लहान होत होत दिसेनाशी झाली आणि दिंडी उधळली. त्यात मीही होतो.

मग मी सवयीप्रमाणे उपकाराची फेड केली. समोरून येणाऱ्या पहिल्याच टेम्पोला दोनदा डिपर मारला.

“अहो, तो तुमच्या ओळखीचा होता का?” सौ.ने विचारले.

“नाही.”

“मग त्याला कशाला सावध केलंत?”

मी काहीतरी पुटपुटलो. तीस-पस्तीस वर्षे मी हे करत आलो आहे आणि हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर शोधायला लागलो तेव्हा लक्षात आले, की ते देण्यासाठी मला १९९८ सालापर्यंत मागे जावे लागेल.

पण त्याआधी थोडे त्याच्याही मागे. हा शेजारधर्म आपण शोधलेला नाही. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटारींना ताशी वीस मैलांची मर्यादा घातली आणि तिथले पोलीस हातात घड्याळ घेऊन झुडपांच्या कुंपणाआड बसू लागले. ठरावीक अंतर मोटारीने किती सेकंदांत कापले, ते पाहायचे आणि पुढच्या माणसाला खूण करायची. त्यावर उपाय म्हणून १९०५ मध्ये मोटारमालकांनी आपली एक संघटनाच काढली. तिचे सायकलस्वार गस्तीवाले रस्त्यावर फिरत आणि सभासदांना पोलिसांचा सापळा कुठे आहे ते सांगत. पुढे न्यायालयाने असा इशारा देणे हा पोलिसांच्या कामातला अडथळा ठरवला. तेव्हा या मंडळींनी नामी युक्ती काढली. एरवी सभासदाची गाडी दिसली की गस्तीवाला सलाम ठोकायचा. सापळा असेल त्या दिवशी ठोकायचा नाही. सलाम केला नाही म्हणून कोणाला शिक्षा करणार? आपल्या डिपरचे खानदान असे थेट लंडनचे आहे. फरक एवढाच, की त्यांच्या रस्त्यावर मूठभर श्रीमंतांच्या मोटारी होत्या. आमच्या रस्त्यावर टोमॅटो आहेत.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतून पुणे–नाशिक रस्ता उभा जातो आणि आळेफाट्यावर त्याला कल्याण–नगर रस्ता आडवा छेदतो. नारायणगावचा टोमॅटो, मंचर-आळेफाट्याचा कांदा, ओतूरचा भाजीपाला, दूध, फुले. हे सारे रात्री निघते, कारण त्याला पहाटेच्या बाजारात उतरायचे असते. हंगामात त्यात भीमाशंकर आणि विघ्नहर या दोन कारखान्यांकडे निघालेला ऊस मिसळतो. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर गाणी आणि मागे लाल दिवा असलाच तर नशीब. नारायणगाव हे तमाशाचे माहेर, त्यामुळे जत्रांच्या दिवसांत फडांचे ट्रकही याच रस्त्याला. शनिवार-रविवारी शिवनेरी-माळशेजला निघालेली मुंबई-पुण्याची मंडळी. आणि अधूनमधून एखादा बिबट्या, ज्याच्या डोळ्यांवर हेडलाईट पडतो आणि तो पळायचे विसरतो.

१९९८ मध्ये मी याच भागातल्या एका शाखेत अधिकारी होतो. दोन वर्षांपूर्वी मुंबईचा भाजीबाजार वाशीला गेला होता आणि गावोगावच्या तरुणांना ४०७ टेम्पोचे वेड लागले होते. असाच एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा कर्ज मागायला आला. वडिलांची दोन एकर बागायत, मुलगा निर्व्यसनी, जामीनदार ओळखीचे. प्रस्तावात ‘उत्पन्नाचा अंदाज’ असा एक रकाना असे. तो भरायचे काम माझे. मी आकडेमोड करून पाहिली. महिन्याला पंधरा खेपा धरल्या तर हप्ता बसत नव्हता. वीस धरल्या तरी ओढाताण होती. सव्वीस धरल्या की बरोबर बसत होता. आठवड्याची एक सुट्टी सोडली तर महिन्यात सव्वीस रात्री येतात, म्हणून मी त्या रकान्यात ‘खेपा : २६’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले. वरिष्ठांनी त्यावर सही केली. पोराने पेढे आणले.

आज तो कागद माझ्यासमोर ठेवला तर मी काय वाचीन? एक माणूस महिन्यातल्या सव्वीस रात्री माळशेज घाट उतरेल आणि सव्वीस सकाळी चढेल. दिवसा माल गोळा करील, कॅरेट भरील आणि त्यातूनच उरलेल्या वेळात झोपेल, असे मी लिहून दिले होते. बँकेच्या भाषेत याला ‘परतफेडीची क्षमता’ म्हणतात.

एकोणिसाव्या महिन्यात, सकाळी शाखेचे शटर अर्धे वर असताना तो आत आला. शर्टाची बटणे चुकीची लावलेली. माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, “साहेब, विमा चालू हाये ना?” पहाटे रिकामी गाडी घेऊन परत येताना एका सायकलवाल्याला त्याने उडवले होते. दूध घालायला निघालेला माणूस होता. जागीच गेला. “डोळा लागला व्हता का?” मी विचारले. तो म्हणाला, “लागला असंल. मला सायकल दिसलीच न्हाई.” तो गाडी टाकून पळाला होता, ते थेट माझ्याकडे. पोलिसांकडे नाही, घरीही नाही. बँकेत.

मी त्याला स्कूटरवर मागे बसवून पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. पुढे जे व्हायचे ते झाले. भारतीय दंड संहितेची २७९ आणि ३०४-अ ही कलमे लागली, खटला रेंगाळला, आणि अंधारात गाडी कोण चालवत होते हे छातीवर हात ठेवून सांगणारा साक्षीदार न मिळाल्याने तो सुटला. विमा चालू होता, म्हणून दूधवाल्याच्या बायकोला काही वर्षांनी भरपाई मिळाली. कर्जखाते शेवटपर्यंत नियमित राहिले. शाखेच्या तपासणीत त्या खात्याचा उल्लेख चांगल्या खात्यांत झाला होता, हे मला चांगले आठवते.

तर सौ.च्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की समोरून येणारा प्रत्येक टेम्पो मला माझ्या शाखेचा वाटतो. त्याला दंड झाला तर हप्ता चुकेल, ही भीती माझ्या हाताला अजून आहे. आणि हा हात माझ्या एकट्याचा नाही. कोणाचा भाचा गाडीवर आहे, कोणाचा माल आहे, कोणाचे पैसे आहेत. पोलिसाला आपण ‘मामा’ म्हणतो खरे, पण नात्याची माणसे सारी पलीकडच्या बाजूला असतात.

माझा एक शाळासोबती पोलिसांत होता. ग्रामीण पोलीस दलात चौतीस वर्षे काढून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाला, आता द्राक्षे पाहतो. त्याच्याकडे मुद्दाम जाऊन बसलो. तोही सुरुवातीला हसलाच.

“तुम्ही म्हणता, पोलीस झाडामागं लपतात. मग काय मंडप घालून उभं ऱ्हायचं?” गंमत अशी, की आता जवळजवळ तसेच आहे. मोटार वाहन नियमांत २०२१ साली जी सुधारणा झाली, तिच्यानुसार जिथे वेग मोजणारे कॅमेरे वगैरे बसवले असतील, तिथे तशी ठळक पाटी आधी लावायची आहे. कायद्याचा हेतू पकडण्याचा नसून हळू करण्याचा आहे, असे त्याचे समर्थन, आणि ते चुकीचे नाही. पण माझ्या मित्राचे म्हणणे वेगळे होते. पाटी वाचणारा माणूस मुळात धोकादायक नसतो.

वेग कसा मोजतात ते त्याने सविस्तर सांगितले. लेसरची गन असते. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारे प्रकाशाचे ठोके एका सेकंदात शेकड्यांनी सुटतात, गाडीवर आपटून परततात. प्रत्येक ठोका परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि अंतर किती झपाट्याने कमी होते आहे, त्यावरून वेग. सोबत नंबरप्लेटचा फोटो. हे सारे पापणी लवायच्या आत. पूर्वी एक जण मोजायचा आणि दोन-तीनशे मीटरवर दुसरा शिट्टी मारून गाडी बाजूला घ्यायचा. “भरधाव गाडीपुढं हात करून उभं ऱ्हायला काळीज लागतं,” तो म्हणाला. “थांबंल का अंगावर घालंल, ते त्याच्या हेडलाईटात दिसत न्हाई.” नाकाबंदीत उभे असताना अंगावर गाडी येऊन पोलीस मेल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो.

“पण थांबवल्यावर माणूस समोर यायचा. तोंडाला वास, डोळे लाल, मागं पंधरा माणसं कोंबलेली, सगळं दिसायचं. वाईट असला तर गाडीची किल्ली काढून घ्यायचो. आता माझा पुतण्या आहे त्या कामावर. तो म्हणतो, काका, आता बटण दाबलं की काम झालं. मोबाईलवर चलन जातं.” तो थोडा थांबला. “चलन जातं, आणि गाडीबी जाते.”

मी वर्तमानपत्रांतून रस्तासुरक्षेवरचे पुष्कळ लेख वाचले आहेत. या एका वाक्याने जेवढे समजले, तेवढे त्या सगळ्यांतून समजले नव्हते. नव्या पद्धतीने नियम मोडणाऱ्याची नोंद होते. तो थांबत नाही. झिंगलेला, झोपेने पेंगुळलेला किंवा नुसताच माजलेला ड्रायव्हर त्या फोटोनंतर तसाच पुढे जातो आणि पुढच्या गावात आपली माणसे रस्ता ओलांडत असतात. त्याला दुसऱ्या दिवशी मोबाईलवर संदेश मिळतो.

कॅमेरा वाईट आहे असे मी म्हणत नाही. जुलै २०२४ पासून मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली आणि तिथे आता खंडाळ्याच्या घाटात बड्याबड्यांचे पाय ब्रेकवर जाताना मी पाहिले आहेत. कॅमेऱ्याला फोन करता येत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. माझ्या मित्राने सांगितलेल्या शंभर गोष्टींपैकी सत्तर फोनच्याच होत्या. गाडी अडवावी आणि ती कोणातरी पाहुण्याची निघावी. पावतीपुस्तक उघडायच्या आत सरपंचाचा, सोसायटीच्या चेअरमनचा, कारखान्याच्या संचालकाचा फोन. “‘आपलंच पोरगं आहे, सोडा,’ एवढं एकच वाक्य मी चौतीस वर्षं ऐकलं,” तो म्हणाला. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाने महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले आणि पुढे त्याच्या रक्ताचे नमुनेच बदलल्याचे उघड झाले, तेव्हा सारा देश हादरला. आमच्या भागात मात्र पारावरची मंडळी तेवढी हादरली नाहीत. आपलेच पोरगे सोडवायची पद्धत त्यांना माहीत होती. रक्कम फक्त मोठी होती.

कायदा पाहावा तर कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात धोकादायक गाडी चालवण्याला १८४ वे कलम आहे, दारूसाठी १८५ वे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून जास्त मद्य सापडले की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढल्या. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, असेही लिहून ठेवले आहे. जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास दोनाऐवजी पाच वर्षांपर्यंत कैद झाली. ठोकर मारून पळणाऱ्याला दहा वर्षे ठेवणारे पोटकलम मात्र त्याआधीच, जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चाके थांबवली तेव्हा, बाजूला ठेवावे लागले.

पण मी बँकेतला माणूस. व्याजदर किती कडक लिहिला आहे यावरून वसुली ठरत नाही, हे मी पुरते पाहिले आहे. वसुली ठरते ती माणूस दारात येणार की नाही यावर. चलनांचे तेच झाले आहे. २०१९ पासून राज्यभर एकच ई-चलन पद्धत आली, चलने ढिगांनी निघाली आणि लोकांनी ती मोबाईलमध्ये साठवून ठेवली. लोकअदालत लागते, तिथे तडजोड होते, म्हणून थांबायचे. कर्जमाफीची वाट पाहणारा थकबाकीदार मी चेहऱ्यावरून ओळखतो. तोच चेहरा मला आता पेट्रोलपंपावर दिसतो. शिवाय नंबरप्लेटी. एमएच १४ च्या पुढे आकड्यांची अशी वेलबुट्टी काढायची, की ४१४१ चे ‘दादा’ व्हावेत आणि कॅमेऱ्याने हात टेकावेत.

आणि हीच आमची माणसे मोजमापाच्या बाबतीत किती काटेकोर आहेत पाहा. चैत्र-वैशाखात आमच्या गावोगावच्या यात्रांत बैलगाड्यांच्या शर्यती होतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये कायमची वाट मोकळी झाली, तेव्हा लांडेवाडीपासून ओतूरपर्यंत भंडारा उधळला गेला. आमच्याकडे गाड्यांची एकमेकांशी टक्कर नसते. एकेक गाडा घाटात सुटतो आणि त्याची बारी घड्याळावर लागते. सेकंद आणि पुढचे पॉइंट लाउडस्पीकरवर पुकारतात. एका पॉइंटवरून वाद झाला तर दोन गावे बोलेनाशी होतात. घड्याळ पाहणाऱ्या माणसावर मात्र कोणी संशय घेत नाही. तो म्हणेल ती वेळ. बैलांच्या वेगाबद्दल एवढी निष्ठा असलेला गाडामालक घरी जाताना बोलेरोत बसतो आणि बाभळीखालच्या घड्याळवाल्याला चोर म्हणतो.

ताशी नव्वद म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर. समोरची गोष्ट दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत जाग्या माणसाला साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे काहीही न करता पंचवीस मीटर. आणि वेग दुप्पट केला तर धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. चक्रवाढ व्याज समजलेल्या माणसाला हे समजायला हरकत नसावी. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतल्या दहापैकी सातांच्या नावापुढे सरकारी अहवालाने ‘अतिवेग’ असे कारण लिहिले. झोपेचा मात्र रकाना भरणे अवघड. मेलेला सांगू शकत नाही आणि जगलेला सांगत नाही.

झोप पकडायची गन पोलिसांकडे नाही. युरोपात ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचे यंत्र सक्तीचे आहे. चाके किती वाजल्यापासून फिरताहेत ते त्यात उमटते. साडेचार तासांनंतर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाला साधारणपणे नऊ तासांपुढे गाडी चालवता येत नाही. आपल्याकडेही १९६१ मध्ये मोटार कामगारांसाठी दिवसाला आठ तासांचा कायदा झाला होता. पण तो पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. माझा ४०७ वाला कामगार नव्हता. तो मालक होता. मीच त्याला केला होता. स्वतःच्या मालकाकडून स्वतःला सुट्टी मागण्याची सोय कुठल्याच कायद्यात नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये ओतूरजवळ डिंगोऱ्याच्या हद्दीत पिकअप आणि रिक्षाच्या भीषण अपघातात आठ जण गेले. त्यानंतर १७ जानेवारी २०२५ चा शुक्रवार. सकाळी दहाच्या सुमारास नारायणगावच्या अलीकडे प्रवाशांनी भरलेल्या एका लहान गाडीला मागून टेम्पोने धडक दिली आणि ती पुढे उभ्या असलेल्या एसटीवर जाऊन आदळली. दोन लोखंडांमध्ये नऊ माणसे संपली. बायका होत्या, लहान मूल होते. रात्र नव्हती, धुके नव्हते, घाट नव्हता. लख्ख सकाळ. अशा गाडीत बसणारी माणसे कोण असतात हे आपल्याला माहीत आहे: बाजाराला, दवाखान्याला, कामाला निघालेली, एसटीची वाट पाहून कंटाळलेली. दुसऱ्या दिवशी मी तिथून गेलो तेव्हा कडेला काचांचा चुरा होता आणि जाणाऱ्या गाड्या तेवढ्यापुरत्या हळू होत होत्या, जसे आपण पोलीस दिसल्यावर होतो.

मी मनाशी त्या सकाळचा रस्ता मागे मागे उलगडून पाहिला. यातले काय काय आधी थांबवता आले असते? कोंबलेली गाडी एखाद्या फाट्यावर दिसली असेलच. रस्त्याच्या कडेला उभी असलेली बस दिसत होतीच. सरकारी व्याख्येप्रमाणे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की त्याला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणायचे. म्हणजे पाटी लावण्याआधी रस्त्याने तेवढी वसुली करायची असते.

कळंबहून थोडे आत गेले की म्हाळुंगे पडवळ लागते. हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाने भरलेल्या ट्रकपुढे हा बावीस वर्षांचा गिरणी कामगार आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. शाळेत आम्हाला ही गोष्ट दर वर्षी सांगत. तिच्यातला एक भाग गुरुजी हमखास सांगायचे, की चाकावरच्या देशी ड्रायव्हरने ट्रक पुढे घ्यायला नकार दिला, तेव्हा गोऱ्या सार्जंटने त्याला बाजूला करून स्वतः चाक हाती घेतले. दर बारा डिसेंबरला आम्ही हुतात्म्याला हार घालतो, आणि ते योग्यच आहे. मला अलीकडे त्या ड्रायव्हरची आठवण येते. मालकाचा माल, पोलिसांचा हुकूम, मागे खोळंबलेली वाहने. आणि तरी ब्रेकवरचा पाय न काढणारा.

गेल्या महिन्यात नारायणगावच्या टोमॅटो बाजाराबाहेर मला तो भेटला. माझा ४०७ वाला. आता पन्नाशी उलटली आहे, डोईवरचे केस गेले आहेत. वाकून नमस्कार केला, चहा पाजला, सौ.ची चौकशी करायला गाडीपर्यंत आला. तीन पिकअप आहेत म्हणाला. तिन्ही कर्जावर.

“तू चालवतोस?”

“न्हाई साहेब. तवापासून रातीची गाडी मी हातात घेतली न्हाई.” त्याने मान खाली घातली. “पोरं ठेवलीत तीन.”

“महिन्याला किती खेपा होतात?”

“सव्वीस तरी धराव्याच लागतात. हप्ता असतो ना.”

मला त्यावर काही बोलता आले नाही. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने पाहिला आणि माझ्यासमोर धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रायव्हर लोकांचा ग्रुप होता. कोणीतरी नुकतेच टाकले होते, ‘कळंबच्या पुढे उभे आहेत.’ खाली पंधरा-वीस जणांनी अंगठे दाखवले होते.

“आता डिपर मारायची गरज न्हाई पडत,” तो म्हणाला. “तुमचा नंबर टाकू का ह्याच्यात, साहेब? तुमचंबी येणं-जाणं असतं.”

सौ. गाडीची काच खाली करून आमच्याकडे पाहत होती.